दरबार गेला, प्रेक्षक राहिला : इंदूरची रंगमंदिरे आणि आपण

इंदूर शहरात रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा तर पुष्कळदा चित्रपटगृहाचे नाव घ्यावे लागते. रीगल चौराहा, मधुमिलन चौराहा, सपना-संगीता रोड. कोणे एके काळी तिथे पडद्यावरचे नायक-नायिका पाहायला झुंबड उडत असे. त्या गर्दीचे दिवस सरले आणि नाव चौकाला चिकटून राहिले. आता त्या नावावर लोक बस पकडतात, भाजी घेतात आणि पाहुण्यांची वाट पाहतात. करमणुकीच्या जागा शहराला नाव देतात, पण त्या जागा जगतातच असे नाही. काही जगतात, काहींचे नुसते थांबे होतात.

कोणती जागा जगते आणि कोणती नुसती नावापुरती उरते, हा प्रश्न मी इंदूरहून परत येताना बरोबर घेऊन आलो. आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरात राहणाऱ्या माणसांना तो फार जवळचा आहे. आमच्या घरी आई कन्नड बोलणारी, वडील मराठी. ताटावर बसताना ‘ऊटा आय्ता?’ आणि उठताना ‘पोट भरले का?’ अशा दोन्ही चौकश्या आम्ही ऐकत वाढलो. अशा घरात भाषा आपोआप येते खरी, पण ती आपोआप टिकत नाही. तिला घराबाहेर बसायला एक जागा लागते. इंदूरच्या मराठी माणसांनी ती जागा कशी राखली, हे आज सांगायचे आहे.

राजधानी आली, मराठी आली

थोडा इतिहास पाहू. मल्हारराव होळकरांमुळे माळव्यात मराठ्यांचा जम बसला. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ या काळात कारभार पाहिला तो महेश्वरहून. १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदूरला आली. राजधानीबरोबर कारकून आले, शास्त्री आले, वैद्य आले, गवई आणि शिक्षकही आले. आजूबाजूची रयत माळवी आणि हिंदी बोलणारी, तर कचेरीत मराठी. इंदूरचा मराठी माणूस पहिल्यापासूनच दोन भाषांत राहायला शिकला तो असा.

संगीत नाटकांच्या मंडळ्या दौऱ्यावर निघाल्या की बडोदे, ग्वाल्हेर, देवास, इंदूर ही गावे त्यांच्या वाटेवर असत. राजाश्रय मिळे, शिवाय भाषा जाणणारा प्रेक्षकही मिळे. लता मंगेशकरांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूरला झाला, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. वडील गोव्यातल्या मंगेशीचे, स्वतःची ‘बळवंत संगीत मंडळी’ चालवणारे नट-गायक मास्टर दीनानाथ. गोव्याच्या नटाची मुलगी माळव्यात जन्मते यात त्या काळी नवल नव्हते, कारण मराठी नाटकाचा संसारच बैलगाडी आणि आगगाडी यांवर मांडलेला होता.

शहरातल्या सभागृहांपैकी गांधी हॉल सर्वांत देखणा. १९०४ साली बांधलेली ही घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत पूर्वी किंग एडवर्ड हॉल म्हणून ओळखली जाई. स्वातंत्र्यानंतर तिला गांधीजींचे नाव दिले गेले. नाव बदलले तरी सभा, प्रदर्शने आणि मेळे यांसाठी लोक तिथे येतच राहिले.

गांधीजींचे इंदूरशी नाते नुसत्या पाटीचे नाही. १९१७ मध्ये मराठी साहित्य संमेलन इंदूरला भरले. गणेश जनार्दन आगाशे त्याचे अध्यक्ष होते. पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, त्याच शहरात हिंदी साहित्य संमेलन झाले आणि त्याचे अध्यक्ष होते महात्मा गांधी. दक्षिणेत हिंदी शिकवण्याच्या कामाला तिथूनच गती मिळाली. आपल्या आजोबांच्या पिढीने ज्या हिंदी परीक्षा दिल्या त्यांचे मूळ असे इंदूरपर्यंत पोचते. पुन्हा १९३५ मध्ये तर एकाच वर्षात दोन्ही संमेलने इंदूरला झाली. मराठीचे अध्यक्ष औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि हिंदीचे पुन्हा गांधीजी. एका भाषेचा मांडव पडला म्हणून दुसरीचा उखडावा लागला नाही.

दोन बेंद्रे

नाटकाबरोबर चित्रांचीही गोष्ट सांगायला हवी. दत्तात्रय दामोदर देवळालीकर या मराठी चित्रकाराने १९२७ मध्ये इंदूरला चित्रशाळा सुरू केली. या शाळेतून पुढे आलेली नावे पाहिली की थक्क व्हायला होते. इंदूरलाच जन्मलेले नारायण श्रीधर बेंद्रे त्यातले एक. पंढरपुरात जन्मलेले आणि इंदुरात वाढलेले मकबूल फिदा हुसेन दुसरे. विष्णू चिंचाळकर, म्हणजे सगळ्या इंदूरचे ‘गुरुजी’, हेही त्याच परंपरेतले. देवळालीकरांच्या नावाने शहरात कलावीथिकाही आहे.

बेंद्रे हे आडनाव ऐकले की आपल्याला आधी धारवाडचे द. रा. बेंद्रे आठवणार. मातृभाषा मराठी, कविता कन्नडमध्ये, आणि ‘नाकु तंती’साठी १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार. एका बेंद्र्यांनी कन्नड भाषेला शब्द दिले, तर दुसऱ्यांनी हिंदी मुलखात रंग हाती घेतले आणि पुढे बडोद्यात चित्रकारांची पिढी घडवली. दोघांनाही शेजारची भाषा परकी वाटली नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे दोन बेंद्रे शेजारी शेजारी ठेवून सांगतो, तेव्हा कन्नड माध्यमातून आलेली आणि मराठी माध्यमातून आलेली, दोन्हीकडची मुले मान वर करतात.

सुळेभावीचा मुलगा

आणि माळव्याचा विषय निघाल्यावर आपल्या जिल्ह्याच्या माणसाचे नाव न घेता कसे चालेल? शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. घरची भाषा कन्नड. गाण्याची तालीम मुंबईला, प्रो. बी. आर. देवधरांकडे. लहानपणीच मिळालेली ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्यांचे नाव होऊन बसली.

क्षयाने गाठले तेव्हा कोरड्या हवेसाठी १९४८ मध्ये ते देवासला आले. देवास इंदूरपासून जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटरवर. काही वर्षे गाणे बंद होते. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी ऐकली ती माळव्याच्या बायाबापड्यांची गाणी, लग्नातली, सणातली, शेतातली. त्या लोकधुनांतून त्यांना पुढे नवे राग सुचले, निर्गुणी भजनांची वाट सापडली. ‘अनूपरागविलास’ हा त्यांचा बंदिशींचा ग्रंथ १९६५ मध्ये आला. मराठी रसिकांना त्यांनी बालगंधर्व नव्याने ऐकवले आणि भा. रा. तांबे यांच्या कविताही. तांबेदेखील माळवा-ग्वाल्हेरकडचेच. म्हणजे कन्नड घरातला मुलगा, मराठी गुरू, माळवी लोकगीते आणि कबीर. यातला कोणता धागा काढून टाकावा? एक काढला तरी वस्त्र उसवेल.

कुमारजींच्या भोवती इंदूर-देवासच्या मित्रांचे एक कोंडाळे होते. ‘नई दुनिया’ या हिंदी दैनिकाचे संपादक राहुल बारपुते, चित्रकार चिंचाळकर गुरुजी, रंगकर्मी बाबा डिके आणि गाण्यावर जीव टाकणारे रसिक रामूभैया दाते. भावगीतगायक अरुण दाते हे रामूभैयांचे चिरंजीव. त्यांचा जन्म इंदूरचा, १९३४ चा, आणि गाण्याचे आरंभीचे धडे कुमारजींकडचे. या मंडळींकडे पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. बारपुते घरी मराठी आणि हिंदी पत्रकारितेत अग्रणी. एका भाषेत पाय रोवून दुसऱ्या भाषेत काम करण्यात त्यांना काही गमावल्यासारखे वाटले नाही.

पाच समूहांचे गणित

१९४८ मध्ये होळकरांचे संस्थान मध्य भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी इंदूर नव्या मध्य प्रदेशात गेले. ही तारीख आपल्याकडे कोणाला सांगावी लागत नाही, कारण त्याच दिवशी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. इंदूरच्या मराठीचा दरबारी आधार गेला. कचेरीची भाषा हिंदी झाली, शाळेची हिंदी झाली. आता मराठी नाटक कोणाच्या जिवावर चालणार?

त्याचे उत्तर मला गेल्या हिवाळ्यात मिळाले. माझ्या पत्नीची मावशी राजेंद्रनगरात राहते. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, रामबाग या वस्त्यांत मराठी घरे पुष्कळ. शनिवारी दुपारी मावशींच्या यजमानांनी फर्मान काढले, “जावईबापू, आज आपला नंबर आहे. साडेतीनला निघायचे.” नंबर कसला, ते मला गाडीत बसल्यावर कळले.

‘सानंद’ ही संस्था इंदूरला अनेक वर्षे मराठी नाटके आणते. खंडवा रोडवरच्या देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या सभागृहात प्रयोग होतात. सभासदांनी वर्षाची वर्गणी आधी भरायची. सगळे सभासद एका प्रयोगाला मावत नाहीत, म्हणून त्यांचे पाच समूह केले आहेत. समूहांना नावे दिली आहेत ती रामूभैया दाते, राहुल बारपुते, मामा मुजुमदार, वसंत आणि बहार अशी. एक नाटक आले की शनिवारी दोन आणि रविवारी तीन, असे पाच प्रयोग होतात आणि प्रत्येक समूहाला आपली वेळ मिळते.

या गणितात सगळी मेख आहे. मुंबई किंवा पुण्याहून इंदूर सुमारे सहाशे किलोमीटर. नेपथ्याचा ट्रक, कलाकार आणि तंत्रज्ञांचा प्रवास, दोन दिवसांची राहण्या-जेवण्याची सोय. एका प्रयोगासाठी एवढा खटाटोप कोणत्याच निर्मात्याला परवडणार नाही. पण एकदा नेपथ्य उभे केले की पाच प्रयोग, आणि पाचही प्रयोगांचे प्रेक्षक आधीच ठरलेले. तिकीट खिडकीवर काय होईल ही धाकधूक नाही. निर्माता निश्चिंत, संस्था निश्चिंत, आणि प्रेक्षकाला वर्षभर नवे नाटक पाहायला मिळण्याची खात्री. जे काम पूर्वी महाराजांची थैली करत होती, ते आता शेकडो घरांची वर्गणी करते.

मी गेलो त्या प्रयोगाला आजूबाजूला पाहत होतो. एक आजी शेजारच्या बाईंना विचारत होत्या, “मागच्या नाटकाला का नाही आलात? तब्येत खराब झाली होती का?” मराठी वाक्य, वळण हिंदीचे. ‘चप्पल इकडेच खोलून ठेवा’ हे मी मावशींच्या दारातच ऐकले होते, त्यामुळे कान तयार झाला होता. आपल्याकडच्या मराठीत कन्नडची चाल जशी मुरलेली, तशी ही. पु. लं.चे बेळगावचे रावसाहेब ज्यांना आपले वाटतात, त्यांना इंदुरी मराठी ऐकून हसू येईल, पण परके वाटणार नाही.

आमच्या पुढच्या रांगेत बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा होता. आजोबांनी मराठीत काहीही विचारले तरी उत्तर हिंदीत देत होता. पण रंगमंचावर एक तिरकस वाक्य आले आणि सगळ्या सभागृहाच्या आधी तोच हसला. त्याला मराठी वाचता येते की नाही, मला ठाऊक नाही. शाळेत तर ती नसणारच. मात्र त्याचा कान मराठी होता, आणि तो कान पुस्तकाने तयार झालेला नव्हता. दर काही आठवड्यांनी आजोबांच्या शेजारच्या खुर्चीत बसून तो तयार झाला होता.

मध्यंतरात मी मावशींच्या यजमानांना म्हटले, “हे फार छान चालले आहे.” ते म्हणाले, “चालले आहे खरे, पण खुर्च्यांकडे नीट पाहा. केस पांढरे किती आणि काळे किती ते मोजा. आमच्यानंतर हे कार्ड कोण घेईल, याची काळजी आम्हाला आहेच.” त्यांची मुलगी बंगळूरला नोकरी करते आणि मुलगा परदेशात आहे. त्यांच्या शेजारच्या दोन खुर्च्यांवर आता नातवंडे नव्हेत, तर शेजारचे हिंदी बोलणारे जोडपे बसते. त्यांना मराठी नाटक आवडू लागले आहे, हे सांगताना मात्र गृहस्थांचा चेहरा खुलला होता.

वस्तीतला रंगमंच

इंदूरला सभागृहांची वाण नाही. रवींद्रनाथ टागोर मार्गावर रवींद्र नाट्यगृह आहे. त्याच रस्त्यावर मध्य भारत हिंदी साहित्य समिती आहे. १९२७ पासूनचे ‘वीणा’ मासिक तिचेच. अहिल्या केंद्रीय ग्रंथालयाच्या आवारात प्रीतमलाल दुआ सभागृह आहे. एका फेरफटक्यात नाटक, चित्रे आणि व्याख्यान यांच्या जागा गाठता येतात. अलीकडच्या वर्षांत राजेंद्रनगरात लता मंगेशकरांच्या नावाचे सभागृहही उभे राहिले आहे. नाटक सुटल्यावर सराफ्यात जायचे. दिवसा सोन्याचांदीच्या पेढ्या असलेल्या त्या गल्लीत रात्री खाद्यपदार्थांचे ठेले लागतात. मक्याचा कीस खात खात लोक नाटकाची चिरफाड करतात, आणि ती चिरफाड मराठी-हिंदी दोन्हींत चालते.

पण या शहराचा सर्वांत मोठा रंगमंच रस्त्यावरच असतो. अनंत चतुर्दशीच्या रात्री कापड गिरण्यांच्या कामगारांचे चित्ररथ निघतात. त्यांना ‘झांकी’ म्हणतात. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी या गिरण्यांची ही सुमारे शंभर वर्षांची परंपरा. हुकुमचंद गिरणी १९९१ मध्ये बंद पडली आणि बाकीच्याही एकामागून एक थंडावल्या. कामगारांची देणी वर्षानुवर्षे अडकली. तरी झांक्या थांबल्या नाहीत. मालकाचा पैसा गेला तेव्हा वर्गणी आली, महापालिका आणि विकास प्राधिकरणाची मदत आली, आणि गिरणीचा भोंगा कधीच न ऐकलेली मुले रथावरचे दिवे जोडू लागली.

म्हणजे आश्रय तीन ठिकाणी आटला. दरबार गेला, गिरणी गेली, जुन्या चित्रपटगृहांची रयाही गेली. जिथे लोकांनी स्वतःच्या खिशात आणि वेळापत्रकात जागा केली, तिथे ती गोष्ट जगली. जिथे प्रेक्षक फक्त तिकीट घेऊन आला आणि गेला, तिथे चौकाला नाव तेवढे उरले.

आता आपल्याकडे वळू

आपण काही रिकाम्या हाताचे नाही. मराठी संगीत नाटकाचे आद्य नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्याही आधी १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, त्याची प्रेरणा कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांची. मराठी रंगभूमीच्या पाळण्याची दोरी कन्नड हातांनीही ओढलेली आहे. बेळगावात कोनवाळ गल्लीतले लोकमान्य रंगमंदिर आहे, कुमार गंधर्वांच्या नावाचे रंगमंदिर आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन बेळगावला झाले आणि फैयाज त्याच्या अध्यक्ष होत्या. इंदूरनेही २००१ मध्ये विजया राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरवले होते.

संमेलन तीन दिवसांचे असते. खरा प्रश्न उरलेल्या तीनशे बासष्ट दिवसांचा आहे. त्या दिवसांत रंगमंदिराच्या खुर्चीवर कोण बसते? शाळांची स्नेहसंमेलने, सत्कार आणि भाषणे होतात, व्हायलाही हवीत. पण आपल्या घरातल्या मुलाला वर्षातून किती वेळा आपण शेजारी बसवून नाटक दाखवतो? आपली मुले इंग्रजी शाळेत जातात. आजीशी कन्नड, आजोबांशी मराठी, आणि दोन्ही तुटक. लिपी दोन्हींची कच्ची. यात मुलांना दोष देण्यासारखे काही नाही. त्यांच्या कानाला बसायला आपण जागा दिली का, एवढेच विचारायचे.

इंदूरकडून आपण एक साधी गोष्ट घेऊ शकतो, ती म्हणजे आगाऊ वर्गणी आणि ठरलेली वेळ. गल्लीतली, कॉलनीतली वीस-पंचवीस घरे एकत्र आली तरी पुरे. वर्षाला सहा कार्यक्रम ठरवावेत, तीन मराठी आणि तीन कन्नड. आपल्याकडे मुंबई-पुण्याचे नाटक येण्याला इंदूरइतके अंतर पडत नाही, आणि धारवाड-हुबळीच्या कन्नड नाटक मंडळींना तर बेळगाव अंगणच आहे. कन्नड नाटकाला मराठी घराने बसावे, मराठी नाटकाला कन्नड घराने. आपल्या बहुतेक घरांत तर दोन्ही एकाच सोफ्यावर बसलेली असतात. दोन्ही भाषा येणारा प्रेक्षक ही आपली अडचण नाही, ती श्रीमंती आहे. इंदूरच्या संस्थेला अर्धा प्रेक्षक शोधावा लागतो, आपल्याकडे एकच माणूस दोन्ही रांगांत बसू शकतो.

हिशेबही फार मोठा नाही. चार माणसांच्या कुटुंबाने हॉटेलात एकदा जेवायला जितका खर्च होतो, त्यात एका नाटकाची तिकिटे निघतात. पैसा अडत नाही, अडते ती सवय. ती लावायची तर मुलगा बारा-तेरा वर्षांचा व्हायच्या आत लावावी. त्यानंतर त्याच्या शनिवारवर क्लास आणि मोबाइल यांचा ताबा बसतो.

येत्या दसऱ्यापर्यंत आपापल्या गल्लीत अशी पंचवीस नावे जमतात का, ते पाहू या. यादी करताना एक खुर्ची मुलाच्या नावाने आणि एक शेजारच्या घराच्या नावाने धरावी. बाकीचे हळूहळू जमते.